दोन बोटं कमी

१

वरून काठीचे दोन ठोके आले तेव्हा ओदील वोक्लारच्या एका हातात नव्वद वर्षांची बाटली होती, दुसऱ्या हातात बूच काढायचा स्क्रू होता आणि दातांत फडकं. सकाळपासूनची ही सहावी खेप. पहिल्यांदा उशी सरकली होती, दुसऱ्यांदा तीच उशी परत सरकली होती, आणि त्यानंतर तिनं कारण विचारायचंच सोडलं होतं.

फडकं थुंकून ती ओरडली, "येते हो बाबा, येते! मला काय आठ हात आहेत?"

तळघराच्या बरोबर वर म्हाताऱ्याची खोली. छताला हवेसाठी एक झरोका ठेवलेला होता आणि त्या झरोक्याची खोड अशी, की खालचं कुजबुजणंसुद्धा वर स्वच्छ ऐकू जायचं, पण वरून कुणी बोंबललं तरी खाली काही पोचायचं नाही. म्हणून ती काठी. दोन ठोके म्हणजे ‘ये’. तहान लागली तरी ‘ये’ आणि घराला आग लागली तरी ‘ये’. दुसरा शब्द त्या काठीला येत नव्हता.

मार्च महिना होता. बाहेर मळ्यात वेलींची छाटणी संपत आली होती, आणि आत जुन्या बाटल्यांची बुचं बदलायचं काम चालू होतं. बूच तीसएक वर्षांत मऊ पडतं, वाइन थोडी थोडी उडते, बाटलीच्या मानेत हवेची जागा वाढते, आणि हवा लागली की शंभर वर्षं टिकणारी वाइनसुद्धा वर्षभरात मरते. मग बूच काढायचं, चाखायची, जितकी कमी झाली असेल तितकी भरायची आणि नवं बूच ठोकायचं. भरायची ती त्याच सालच्या दुसऱ्या बाटलीतून. एक बाटली त्यासाठी खर्ची घालावी लागते. वोक्लारांच्या घरात या बाबतीत कुणी चेष्टासुद्धा खपवून घेत नसे.

त्याला कारणही होतं. या घरात मूल जन्माला आलं की त्या सालच्या वाइनच्या काही बाटल्या तळघरात त्याच्या नावाच्या कोनाड्यात ठेवायच्या, वर खडूनं नाव लिहायचं. माणूस गेलं की उरलेल्या बाटल्या त्याच्या शेवटच्या जेवणाला फोडायच्या आणि नाव पुसायचं. आईचा कोनाडा असाच अकरा वर्षांपूर्वी रिकामा झाला होता. ओदीलचा, १९६४चा, गच्च भरलेला होता, कारण ते साल उत्तम होतं आणि तिच्या आयुष्यात बाटल्या फोडण्यासारखं काही घडलं नव्हतं. धाकट्या भावाचा, तिबोचा, कोनाडा मोकळाच होता. १९६८च्या पावसानं द्राक्षं वेलीवरच कुजली होती आणि तिबोची वाइन तो तिशीत येण्याआधी व्हिनेगर झाली होती. यावरून त्याला इतकं चिडवलं गेलं होतं, की तो लियोंला जाऊन दातांचा डॉक्टर झाला. त्याची मुलगी लेओनी मात्र १९९९ची, पहिल्या प्रतीची. शेतीचं शिकून आलेली, पुढच्या वर्षी मळा हाती घेणार होती. ओदीलला जगात फारशी माणसं आवडत नसत. लेओनी आवडायची.

बाबांच्या, म्हणजे अँसेल्म वोक्लारांच्या, कोनाड्यात दोनच बाटल्या उरल्या होत्या. जूनमध्ये त्यांना नव्वद पूर्ण होणार होती आणि तिबोनं फोनवरून पंचवीस माणसं जेवायला बोलावून ठेवली होती. फोनवरून बोलवायला काय जातं?

२

पहिली बाटली उघडली आणि ओदीलचं नाकच मिटलं. व्हिनेगर. दुसरी उघडली. ती जिवंत होती. वाळलेल्या चेरीचा, ओल्या पानांचा आणि कुठेतरी खोल चामड्याचा वास. पण मानेत दोन बोटं कमी.

भरायला आता बाबांच्या जन्मसालची, १९३४ची वाइन जगात कुठे उरली असेल तर ती या घरात नव्हती. तिनं वर जाऊन बाबांना विचारलं. ते तीन आठवडे अंथरुणाला खिळलेले, घशाखाली सूप उतरत नव्हतं, पण या प्रश्नाला डोळे टक्क उघडले.

"कमी तर कमी," ते म्हणाले. "तशीच बूच लाव. दुसऱ्याचं घालायचं नाही."

"अहो, दोन बोटं हवा राहिली तर जूनपर्यंत तिचं पाणी होईल. मग पंचवीस माणसांसमोर काय ओतू, गटार?"

"ओदील, दुसऱ्याचं घालायचं नाही."

कारण सांगा म्हटलं तर भिंतीकडे तोंड. हे त्यांचं नेहमीचं. साठ वर्षांच्या मुलीला कारण सांगायचं नाही, पण तिनं उशी मात्र सरळ करायची.

डाव्या टाचेवर जोर देत, नेहमीच्या झटपट चालीनं खाली येऊन तिनं तिबोला फोन लावला.

"ताई, तूपण ना!" तो म्हणाला. मागे कुणाच्या तरी दातावर यंत्र घरघरत होतं. "घाल तुझ्या सालची दोन बोटं. कुणाला कळणार?"

त्याचं ऐकायची तिला सवय नव्हती. पण वरून पुन्हा दोन ठोके आले, आणि तिचं डोकंच उठलं. तिनं आपल्या कोनाड्यातली एक बाटली ओढली, उघडली आणि बाबांच्या बाटलीत दोन बोटं ओतली. गडद लाल रंग त्या विटकरी रंगात फिरला आणि दिसेनासा झाला. तिनं बूच ठोकलं, लाख लावली. आपली उरलेली बाटली तिनं त्या दुपारी एप्वासच्या चीजबरोबर एकटीनं संपवली. नियम मोडल्याचं दुःख म्हणावं तर फारसं झालं नाही.

३

दुसऱ्या दिवशी बाबांनी ऑम्लेट मागितलं.

रोज येणारी नर्स, सोलांज, हातातलं रक्तदाबाचं यंत्र तसंच धरून बघत राहिली. म्हाताऱ्यानं तीन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं, पावानं ताटली पुसली आणि मीठ कमी आहे म्हणाला.

"मादमॅझेल ओदील, हे शेवटचं उजळणं असतं हं कधी कधी," सोलांज दाराशी कुजबुजली. "मन घट्ट करा."

ओदीलनं मन घट्ट केलं. पण उजळणं काही संपेना. आठवड्यानं बाबा पलंगाच्या कडेवर बसले, पंधरवड्यानं खुर्चीत. ओदीलला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, स्वयंपाकघरात जाऊन ती थोडी रडलीसुद्धा. पण म्हातारा बरा होत होता म्हणजे काठी जोरात आपटत होता, हेही खरं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला ती आपल्या कोनाड्यासमोर उभी होती. काहीतरी खटकत होतं. बाटल्या आडव्या, ओळीनं, धुळीसकट जशाच्या तशा. एक काढून तिनं दिव्यासमोर धरली. वाइन एक बोट कमी होती. दुसरी काढली, तीही. सगळ्याच. लाख शाबूत, बुचं कोरडी, खाली एक थेंब ओल नाही.

बुचंच खराब असतील, तिनं मनाशी म्हटलं. किंवा आधीपासूनच एवढी असेल आणि आपण नीट बघितलं नसेल. चाळीस वर्षं या तळघरात घालवलेल्या बाईनं नीट बघितलं नसेल, हे तिला स्वतःलाच पटेना, म्हणून ती आणखी चिडली. तिनं खडू घेतला आणि प्रत्येक बाटलीवर वाइनच्या पातळीशी रेघ मारली.

४

"मी एकदा रिकाम्या पिंपात लपलो होतो," बाबा सूप पिता पिता म्हणाले. "पिंप धुपवायच्या गंधकाच्या वातीचा वास घशात बसला होता. सगळे मला हाका मारत होते आणि मी मुद्दाम ओ देत नव्हतो. गुडघा सोलला होता, फ्रॉकला रक्त लागलं होतं."

ओदीलचा चमचा थांबला. "बाबा, ती मी. मी सात वर्षांची होते. हाका मारणारे तुम्ही होतात."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत गोंधळ नव्हता. उलट तिनंच काहीतरी वेड्यासारखं बोलावं तसे ते बघत होते. "तू? तू कुठे होतीस तेव्हा?"

"फ्रॉक कुणाचा होता मग? तुमचा?"

ते सूप पीत राहिले.

तिबोला सांगितलं तर तो हसला. "ताई, नव्वदीला आलाय माणूस. ऐकलेल्या गोष्टी स्वतःच्या वाटतात. जेवतोय ना? मग झालं तर."

लियोंहून सगळंच सोपं दिसायचं.

खडूच्या रेघांखाली पातळी आणखी एक बोट उतरली होती. तिनं तळघरातला उष्णतामापक बदलला, ओलाव्याचं यंत्र आणून टांगलं, सगळं ठीक होतं. शेजारचा लेओनीचा कोनाडा बघितला, तो काठोकाठ. मग अगदी नको असताना तिनं बाबांची बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. तिनं ठोकताना बुचाखाली नखाएवढी जागा सोडली होती, ती आता नव्हती. लाखेला आतून रेटल्यासारखा बारीक तडा गेला होता.

उन्हानं वाइन फुगते. हे तिला माहीत होतं. तळघरात ऊन येत नाही हेही तिला माहीत होतं.

५

मे महिन्यात एका सकाळी ती कॉफी घेऊन वर गेली तेव्हा बाबा सोलांजला काही सांगत होते. ती दाराशीच थांबली.

"दीझोंच्या स्टेशनवर," ते म्हणत होते. "पाऊस होता. तो दोन तिकिटं घेऊन उभा. त्याचा लोकरीचा कोट भिजला होता, ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता त्याला. मी म्हटलं, बाबांना सांगून येते. आणि आलेच नाही. खिडकीतून तो कितीतरी वेळ बघत होता."

सोलांज ओदीलकडे बघून ओठ मुडपत हसली. म्हाताऱ्यांचं असंच.

ओदीलनं कप दाराशीच खाली ठेवला. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. आईला नाही, तिबोला नाही, चर्चमध्ये पाद्र्यालासुद्धा नाही. छत्तीस वर्षं ती एकटीनं सांभाळली होती, आणि रागाच्या वेळी हळूच काढून बघितली होती. हे एकच तिचं स्वतःचं होतं.

ती जिन्यात बसली आणि त्या माणसाचा चेहरा आठवू लागली. कोट आठवला, तोही आता बाबांनी सांगितला म्हणून. चेहरा येईना. नाव येईना. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा येईना. जिथे ते असायचं तिथे नुसती जागा होती.

मग ती सरळ तळघरात उतरली, बाबांची बाटली घेतली, बूच उपटलं आणि मोरीवर तिरकी धरली. पहिली धार पडली. वर खुर्ची कोसळल्याचा आवाज आला, काहीतरी जड जमिनीवर आपटलं, आणि झरोक्यातून सोलांजची किंकाळी पोचण्याचं काही कारण नसतानाही ओदीलला ती कळली.

तिनं बाटली सरळ केली. वर धपधप थांबली. थोड्या वेळानं काठीचे दोन ठोके आले, अगदी हलके.

ती तशीच उभी राहिली. एवढं सगळं हातात होतं, मनगटाच्या एका वळणावर. तिला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग होता. त्यानं तिला कधी कारण सांगितलं नव्हतं, कधी आभार मानले नव्हते, साठ वर्षं नुसतं ‘ये’ म्हटलं होतं. पण बाप होता. ओतवलं नाही. तिनं नवं बूच घेतलं आणि सरळ ठोकलं.

"येते," ती म्हणाली. ओरडायचं त्राण तिच्यात नव्हतं, पण झरोक्याला तेवढं पुरलं.

६

जूनमध्ये अंगणातल्या लिंडनच्या झाडाखाली टेबलं लागली. वाइनमध्ये शिजवलेल्या मांसाचा घमघमाट सुटला होता. बाबा काठीशिवाय चालत आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओदीलनं पाठीला उशी लावून घेतली होती. ‘ताई थकलीय, सगळं एकटीनं केलं ना,’ असं तिबो प्रत्येकाला सांगत होता, आणि स्वतः काहीच केलं नसल्याचं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

बाटली तिबोनं उघडली. रिवाजाप्रमाणे पहिला पेला बाबांचा, मग घरच्यांना एकेक घोट.

"काय तरुण आहे हो!" तिबोचे डोळे विस्फारले. "नव्वद वर्षांची वाटतच नाही."

"आत्या, कसली गं चव ही?" लेओनीनं पेला पुन्हा हुंगला. "ओली लोकर? आणि पाऊस?"

ओदीलनं घोट घेतला. काहीतरी फार ओळखीचं जिभेवर आलं. शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला बाजारात बघावं आणि नाव सुचू नये, तसं. तिनं डोळे मिटून शोधलं. मग ते घशाखाली गेलं आणि संपलं.

उरलेली बाटली बाबांनी एकट्यानं प्यायली, सावकाश, थेंबही न ठेवता. पिऊन झाल्यावर त्यांनी ओदीलकडे बघितलं. त्या नजरेत अपराधीपणा होता की काय होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

"तुला म्हटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्याचं घालायचं नाही."

त्याच दुपारी त्यांनी तिच्या कमरेची किल्ल्यांची जुडी मागून घेतली. तिला ती जडच होत होती.

७

ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी संपली. ओदील आता वरच्या खोलीत होती, चार दिवस विश्रांती म्हणून. पलंग बाबांचा, उशी बाबांची. ती सारखी सरकायची.

दुपारचं पांढरं ऊन खिडकीतून पायांवर पडलं होतं. पाय तिचेच असावेत. सोलांज सकाळी येऊन गेली होती. ती आल्यावर तिचं नाव काय ते ओदीलला विचारावं लागलं होतं. एकच नाव ती रोज घोकत होती, सुटू नये म्हणून. लेओनी. लेओनी, तिबोची मुलगी, पुढच्या वर्षी मळा घेणारी. काल तिनं येऊन आत्याचे केस विंचरले होते आणि जाताना दाराशी उगाचच डोळे पुसले होते.

खाली बुचं ठोकायचा आवाज चालू होता. टक्. मग थोडी शांतता. मग टक्. पायऱ्यांवर पावलं वाजली, झटपट, डाव्या टाचेवर किंचित जोर देणारी. अशी चालणारी एक बाई तिला माहीत होती, कोण ते आठवेना.

झरोक्यातून बाबांचा आवाज वर आला. ते स्वतःशीच बोलत होते, वैतागून. "सगळ्या रिकाम्या. लाख शाबूत आणि आत काही नाही. ही एकच राहिली पोरीची, आणि तीही मानेपाशी दोन बोटं कमी."

काच काचेला लागली.

"चौसष्टची भरायला आणू कुठून आता? तशीच ठेवली तर नाताळ काही बघत नाही ती."

ओदील ऐकत होती. बिचारे, तिला वाटलं. एकटे किती धावपळ करतात.

मग खडूनं नाव लिहिलेल्या कुठल्यातरी फळीवरून बाटली ओढल्याचा आवाज झाला. ती अगदी शेजारच्या कोनाड्यातून आली होती, ती खरखर तिला ओळखता आली. चाळीस वर्षांत दुसरं काय ओळखायला शिकली होती ती?

"घालतो नातीची दोन बोटं," बाबा पुटपुटले. "नव्याण्णवची. भरपूर आहे तिच्याकडे. कुणाला कळणार?"

लेओनी.

ओदील उठून बसली. तोंड उघडलं, सगळा जीव गोळा करून ओरडली. नको, बाबा, तिचं नको, कमी तर कमी! आवाज खोलीतच राहिला. खाली स्क्रू बुचात फिरू लागला होता, किर्र, किर्र. तिनं पलंगाशी चाचपडून काठी धरली आणि जमिनीवर आपटली. पुन्हा आपटली. दोन, आणि पुन्हा दोन, आणि पुन्हा, हात भरून येईपर्यंत.

बूच निघाल्याचा आवाज आला.

"येतो गं, येतो!" खालून बाबा खेकसले. "मला काय आठ हात आहेत?"